कुत्र्याच्या गळ्यातली मनशीळ

भूदेवाच्या देवळासमोरचं अंगण सकाळी नऊलाच भरून गेलं होतं. माणसं होती आणि जवळजवळ तितकीच कुत्री होती. नौकांच्या शर्यतीचा सण दोन दिवसांवर आलेला. किडा-साप दूर राहावा म्हणून दारोदार वेखंडाच्या जुड्या टांगलेल्या आणि गावात एकच विषय, लियाओ गुरूंची मनशीळ, साप पळवते म्हणून ते विकत असलेला तांबडा दगड.

गुरू मधोमध उभे होते. अंगात पिवळा झगा, कानाला माईक, हातात छोटी कापडी पिशवी, आणि आवाज असा की देवळातला देवही दचकावा.

"या पिशवीत साधीसुधी मनशीळ नाही. सात डोंगरांवरची, सात वर्षं मंतरलेली आहे. कुत्र्याच्या गळ्यात बांधा आणि खुशाल बांबूच्या बनात सोडून द्या. दोरी नको, राखण नको, डॉक्टर तर नकोच नको. सापाला वास आला की तो नव्या नवरीसारखा मान खाली घालून चालता होईल."

लोक हसले. हसणाऱ्या माणसाचा हात खिशात लवकर जातो, हे गुरूंना पक्कं ठाऊक असावं.

मग त्यांनी वेताच्या करंडीतून एक हिरवागार साप काढला. त्याची शेपटी विटेसारखी लाल होती. गर्दी चार पावलं मागे सरली. या डोंगरात पोर चालायला लागलं की त्याला आधी एवढंच शिकवतात, हिरवा साप दिसला तर शेपटी बघ, लाल असली तर पळ, तो विषारी चापडा. गुरूंनी साप फरशीवर सोडला आणि गळ्यात पिशवी बांधलेलं कुत्र्याचं एक पिल्लू पुढे ढकललं. पिल्लानं सापाला नाक लावलं. साप वळला आणि करंडीच्या आडोशाला जाऊन बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

युएश्यानं मात्र टाळी वाजवली नाही. तिचा नवरा जिन्श्वे शेजारीच उभा होता. तो तिला कोपरानं ढोसून म्हणाला, "बघितलंस? दुपारी ओआला दवाखान्यातून घेऊन येतो. गुरूंना शब्द दिलाय मी. ते त्याला मनशिळेचं पाणी पाजणार आहेत."

ओआ म्हणजे त्यांचा काळा कुत्रा. चार दिवसांपूर्वी पहाटे युएश्या बांबूचे कोंब खणत असताना त्याच्या पुढच्या पायाला चापडा चावला होता. गळ्यात हीच पिशवी होती. या पिशवीच्या भरवशावरच तिनं त्या दिवशी त्याची दोरी सोडली होती, आणि ते तिला चार दिवस आतून खात होतं. त्याला पाठीवर घेऊन ती डोंगर उतरली, तेव्हा कुठे प्रतिविष मिळालं. डॉक्टर फान बाईंनी काल बजावलं होतं, "सूज उतरतेय, पण रक्त अजून नीट गोठत नाही. दोन दिवस त्याला हलवू नका. आणि ती मनशीळ त्याच्या तोंडाजवळही नेऊ नका. सोमलाची जात आहे ती, जहरच. सापातून वाचलेला कुत्रा त्या पाण्यानं मरेल."

हे सगळं तिनं जिन्श्वेला सांगून झालं होतं. "डॉक्टर बिल वाढवतात," एवढंच तो म्हणाला होता. आता दुपारपर्यंत काही केलं नाही तर ओआ हातचा जाणार होता. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"गुरुजी, माझ्या कुत्र्याच्या गळ्यात तुमची पिशवी होती. तरी चावला."

"चावला, पण मेला का?" गुरूंनी गर्दीकडे बघून हात पसरले. "आणि बाई, पिशवी घेताना तुझ्या मनात शंका होती. शंकेनं मनशीळ नासते."

"शंका माझ्या मनात होती, तर मला चावायचं. त्या मुक्या जिवाला कशाला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. युएश्याची नजर सापावर होती. "कशावरून चापडा म्हणता?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिनं "शेपटी लाल होती" असं सांगितलं होतं. त्यावर डॉक्टर म्हणाल्या होत्या, "शेपटी काय बघता, चावतं ते तोंड बघा." त्यांनी चापड्याचे आणि तसाच हिरवा दिसणाऱ्या, गांडुळं खाणाऱ्या बिनविषारी सापाचे फोटोच दाखवले होते. चापड्याचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, डोळ्यात मांजरासारखी उभी रेघ. आणि हा समोरचा? मान नि डोकं एकाच जाडीचं, डोळा मण्यासारखा गोल. तीस वर्षं ती या बनात राबत होती आणि तिनं एकाही सापाचं तोंड धड पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

तिनं देवापुढच्या तांदळाच्या दारूचा पेला उचलला आणि एप्रनचं टोक त्यात बुडवलं.

"गुरुजी, त्या सापाला जरा धरा. मला त्याची शेपटी पुसायचीय."

"वेडी आहेस का? विषारी आहे तो. जागेवर मरशील."

"पिल्लू नाही मेलं. एक पिशवी माझ्या गळ्यात बांधा की. तुमचा तुमच्या पिशवीवर विश्वास आहे ना?"

गुरू घाईघाईनं करंडीचं झाकण शोधायला लागले. तेवढ्यात युएश्यानं वाकून शेपटी धरली. "युएश्या, सोड ते!" जिन्श्वे ओरडला. सापानं फुत्कारसुद्धा टाकला नाही, तो नुसता सुटायची धडपड करत होता. तिनं ओल्या कापडानं एकदा, दोनदा, तीनदा पुसलं. कापड लाल झालं आणि शेपटी टोकापर्यंत हिरवीगार निघाली.

"दारूनं सापाचं तेज उतरलं," गुरू म्हणाले.

"मग ते तेज माझ्या एप्रनला कसं लागलं?"

आता लोक मोठ्यानं हसले, आणि या वेळी खिशाकडे कुणाचाच हात गेला नाही. पुढच्या रांगेतल्या त्साय आजींनी आपल्या दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यातल्या पिशव्या सोडून गुरूंच्या पायाशी टाकल्या.

"हा गांडुळं खाणारा साप आहे," युएश्या म्हणाली. "याच्यापुढे काहीही ठेवा, तो पळणारच. खरा चापडा जागचा हलत नाही. कुत्रं नाक लावतं आणि तो चावतो. आज मी केलं तसं कुणी करू नका, साप हाताळून ओळखायचा नसतो, लांब राहायचं असतं. कुत्र्याला दोरी लावा. घराभोवतीचं गवत कापा. चावलाच तर जखम चिरू नका, चोखू नका, त्याला चालवू नका. उचला आणि दवाखाना गाठा. हे म्हणतात, मी शंका घेतली म्हणून ओआला साप चावला. खोटं आहे. मी शंका घेतली नाही, म्हणून चावला. या पिशवीत काय आहे, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तुम्ही तरी विचारा."

जिन्श्वेनं फोन काढला. बायकोकडे बघायचं मात्र त्यानं टाळलं.

"डॉक्टर, मी ओआचा मालक. दुपारी त्याला न्यायला येतो म्हणालो होतो ना?" तो जरा घुटमळला. "नाही नेत. तुम्ही म्हणाल तितके दिवस राहू दे त्याला तिथेच."