माझ्या पोटातलं घड्याळ

मी एक जुना गेमचा डबा आहे. दुकानात मला कन्सोल म्हणत, पण दहिवलीतल्या या घरात मी डबाच. मित्रांनो, आता माझ्याने फारसं काही होत नाही, आणि खरं सांगू, व्हावं असंही वाटत नाही.

साजगावच्या कारखान्यात लागल्यावर स्वराजने मला हौसेनं घरी आणलं. माझ्यातल्या एका खेळात त्याने घर बांधलं, शेत केलं आणि मन्या नावाचा बोका पाळला. माझ्या पोटात एक घड्याळ आहे. खेळातले दिवस त्याच्यावरच चालतात. मन्याला रोज खाऊ घालावं लागे. फार दिवस उपाशी राहिला तर तो निघून जाई, आणि एकदा गेला की गेला.

मग एकदा कामावरून परतताना स्वराजची मोटारसायकल घसरली. तो घरी आलाच नाही.

त्याच्या आईला, माधवीला, टीव्हीचा रिमोटसुद्धा धड कळत नसे. पण धाकट्या लेकीकडून, संजनाकडून, तिने एवढं शिकून घेतलं, की लाल बटण दाबलं की मन्या जेवतो. रोज दिवेलागणीला ती माझ्यासमोर बसे. मन्या जेवला की म्हणे, "येते रं बाळा." निघताना 'जाते' म्हणायचं नाही, अशी तिची घरादाराला ताकीदच होती.

पुढे संजनाला स्पीडरनचा नाद लागला. खेळ कमीत कमी वेळात संपवायचा, एवढंच. त्यासाठी तिने तोच खेळ नव्याने मांडला. त्यात पीक यायला दिवसचे दिवस थांबावं लागे, म्हणून पोरीने माझं घड्याळच पुढं ढकललं. पेरलं, घड्याळ पुढं, कापलं, पुन्हा पेरलं! स्पर्धेत हे चालतं म्हणे. तिचा नंबर आला, मैत्रिणींनी कौतुक केलं, आणि मीही मेल्याने छाती फुगवून घेतली. दादाचा खेळ वेगळा ठेवलाय, त्याला काय होतंय, असं तिला वाटलं. अहो, खेळ दोन, पण घड्याळ एकच ना! मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

त्या संध्याकाळी माधवीने लाल बटण दाबलं. अंगणात मन्या नव्हता. ती दाबतच राहिली. काय झालं ते संजनाच्या ध्यानात आलं. तिने आईला सगळं सांगितलं, घड्याळ मागं आणलं, तारीख जुळवली. अंगण रिकामंच राहिलं.

"अजून मागं ने गं," माधवी म्हणाली. "तो कामावर निघायच्या आधीपर्यंत ने."

"आई, तसं नाय होत गं."

आता मी कपाटावर पडून आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्यात कुणाचा जीव अडकलाय, तेवढं विचारा.

त्या संध्याकाळी माधवीने मला स्वतःच बंद केलं. पडदा काळा झाल्यावर ती म्हणाली, "जाते रं." संजना शेजारीच होती. 'येते म्हण' असं तिच्यानेही म्हणवलं नाही.