बुजवलेल्या छिद्राची राखण

मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. तळहाताएवढा, हिरवा. मित्रांनो, आम्ही बोर्ड जेवणाच्या डब्यांसारखे एकावर एक रचले जातो. एकाच्या पिना दुसऱ्याच्या छिद्रांत बसतात. मी मधला. माझी एक बाजू जुन्या बोर्डांशी जुळते, दुसरी नव्यांशी. जुन्या बाजूचं एक छिद्र मात्र कारखान्यातच बुजवलेलं आहे. तेच माझं भूषण!

नागपुरात कामिनीताईंच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानात मी आलो, पण मला कुणी विचारलं नाही. बिस्किटाच्या डब्यात स्क्रूंबरोबर पडून राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग आंबिया बहाराच्या संत्र्यांची ऐन तोडणी चालू असताना काटोलच्या गोपाळरावांचं संत्री निवडायचं यंत्र बंद पडलं. त्याचा मुख्य बोर्ड जळाला होता. नवा मिळाला, पण संत्री पारखणाऱ्या कॅमेऱ्याच्या जुन्या बोर्डाशी त्याचं काही जुळेना. तेव्हा कामिनीताईंना माझी आठवण झाली. आम्ही काटोलला पोचलो तेव्हा शेडमध्ये संत्र्यांचे ढीग होते आणि दारात ट्रक उभा होता. आज माल निघाला नाही, तर तो जागीच सडणार होता.

ताईंनी मला यंत्राच्या पत्र्याच्या डब्यात नव्या बोर्डावर बसवलं आणि त्या वायर तपासायला पलीकडे गेल्या. गोपाळरावांना कुठला दम! त्यांनी जुना बोर्ड उचलून माझ्यावर दाबला. तो बसेना. त्यांनी चष्मा पुसून मला न्याहाळलं आणि खिशातून तार काढली. माझा जीव टांगणीला लागला.

ताईंनी येऊन त्यांचा हात धरला. "काय करून राहिले काका?"

"कचरा अडकला वं बाई. फवारणी पंपाचं नोझल मी असंच मोकळं करतो."

"कचरा नाही तो. छिद्र मुद्दाम बुजवलं आहे; बोर्ड सरळ लावला तं तिथं पिनच येत नाही. तुम्ही बोर्ड उलटा लावून राहिले, म्हणून ते अडवून राहिलं. तार घातली असती तं बोर्ड उलटा बसला असता, अन् सारेच जळले असते."

गोपाळरावांनी तार डब्याबाहेरच्या खिळ्याला टांगली. "आमच्या घरी माही बायको प्रेमिलाबी असंच अडवते," ते म्हणाले. "अन् मले राग येते."

त्यांनी बोर्ड फिरवला. तो अलगद बसला. पट्टा हलला, संत्री टुणटुण धावू लागली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! गोपाळराव कुंकू घेऊन आले, तेव्हा ताई म्हणाल्या, "डब्याले लावा काका, पिनांले नको."

मित्रांनो, एखादी वस्तू बसत नसेल तर जोर लावू नका, आधी फिरवून पाहा. आणि वाट अडवणाऱ्याला लगेच कचरा समजू नका. ट्रक निघाला तेव्हा गोपाळरावांनी निवडून एक मोठं संत्रं बाजूला काढलं आणि प्रेमिलाबाईंसाठी खिशात ठेवलं. ती तार मात्र अजून माझ्या डब्याबाहेर खिळ्याला टांगलेली आहे.