काकांचा पुतळा

त्या एका वाक्यासाठी मी साहेबांशी महिनाभर भांडले. आमच्या संग्रहालयात जुन्या कारखान्यातल्या बॉयलरच्या स्फोटाचं दालन व्हायचं होतं आणि साहेबांना पाटीवर ‘कामगाराला डुलकी लागल्यामुळे’ असं हवं होतं. लोकांना गोष्ट लागते म्हणे. गोष्ट! त्या स्फोटात गेलेला बॉयलरवाला म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. काका झोपले आणि बाकीच्यांनाही घेऊन गेले, हे मावशीनं जन्मभर ऐकलं. नळावर, दुकानात, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हासुद्धा. चौकशीत तसं काहीच सिद्ध झालं नव्हतं. काका निर्दोष होते असंही मला लिहिता येईना, कारण त्यालाही पुरावा नव्हता. शेवटी पाटी लागली: ‘स्फोटाचं कारण निश्चित झालं नाही.’ मावशीला तेवढंही पुष्कळ होतं. भिंतीवर छापून लागलं की लोकांची तोंडं बंद होतील, म्हणाली.

उद्घाटनाला ती ठेवणीतली साडी नेसून आली. पाटीवर बोट फिरवत तिनं वाक्य दोनदा वाचलं, माझ्याकडे बघून मान डोलावली. तेवढ्यात पलीकडे हशा झाला.

तिथे बॉयलरपुढे काकांचा पुतळा होता. वरून पाइप जात असल्यानं उभा मावेना, म्हणून कारागिरानं तो स्टुलावर बसवला होता. त्यातच मान सैल राहिली, ती छातीवर लोंबत होती. पाटीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. हाच तो झोपाळू, असं एक बाप पोरांना सांगत होता आणि पोरं घोरून दाखवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटीतला पूर्णविरामसुद्धा मी तपासला होता, आणि पुतळा आला त्या दिवशी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आम्हा इतिहासवाल्यांना लिहिलेलं तेवढंच दिसतं, दुसरं काय!

मावशी दोरीखालून वाकून आत गेली. तिनं पुतळ्याची हनुवटी तळहातावर घेतली आणि चेहरा वर केला. पोरं बापामागे सरकली. रखवालदार धावत आला, त्याला मी थांबवलं. मावशीला म्हटलं, उद्या सकाळीच मान घट्ट करून घेते, आता घरी चल.

“तू जा,” ती म्हणाली. “मी हात काढला की हे पुन्हा झोपतात.”