चिकाचा तांब्या

झुंबरबाईची सारी हयात भाऊसोच्या उसात भांगलण करण्यात गेली. मजुरी मिळायचीच, पण तिचा जीव असायचा गवताच्या भाऱ्यात. भांगलून निघालेलं गवत भांगलणारणीचं, हा रिवाज भाऊसोच्या आज्यापासून चालत आलेला. वावभर रान नसलेल्या झुंबरबाईच्या दारात म्हैस उभी होती ती त्या भाऱ्यावर. म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा तांब्या भाऊसोच्या घरी जायचा आणि येताना त्यात नव्या गुळाचा खडा यायचा.

यंदा भाऊसोनं उसात यंत्राचा खांब रोवला, मोबाइलवर एआय घेतलं. पाणी कधी, खत किती, तण कुठं, ते सांगायचं. सांगेल तिथं ड्रोन फवारून जायचा. भांगलणीचं बोलावणं आलंच नाही. इकडं म्हैस गाभण, दिवस भरत आलेले. शेवटी झुंबरबाई न बोलावताच विळा घेऊन गेली. सरीत गवत हिरवंगार होतं. भारा बांधून डोक्यावर घेतला, तोच बांधाला भाऊसोची गाडी थांबली.

“झुंबराक्का, टाक ते खाली! सकाळीच तणनाशक मारलंय. म्हस मारतीस व्हय?”

“मला कुणी सांगितलं?”

“मोबाइलवर आलतं की.”

“कुणाच्या?”

भाऊसो हसला. “अगं, वरनं काडी न् काडी दिसती त्याला. लई हुशार हाय.”

“काडी दिसती, आन् काडीसाठी वाकल्याली बाई दिसंना व्हय?”

“बाईचं काय काम हाय आता तिथं?”

तो रागानं बोलला नव्हता. सहज बोलला. तेच तिला लागलं. तिनं भारा बांधावरच टाकला.

विकतची वैरण किती पुरणार? मुरगूडच्या बाजारात गिऱ्हाइकानं म्हशीच्या पोटावरनं हात फिरवला. “आज न्हाय उद्या व्येल की ही. मग इकतीस कशापायी, मावशे?” झुंबरबाईनं नुसता कासरा पुढं केला.

पुढच्याच आठवड्यात भाऊसोची बायको अनुजा दारात आली. गोठ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

“व्याली न्हाय व्हय अजून तुझी म्हस? आत्यास्नी खरवसाची आठवण झालीया. ह्यो तांब्या ठिवून जाते, भरून आण.”

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं तांब्या राखेनं लख्ख घासला. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, असं तिला सासूनं शिकवलं होतं. घरात साखर होती.

तिनं तांब्या रिकामाच नेऊन भाऊसोच्या उंबऱ्यावर ठेवला.