टेबलाचा खडू

"हे तुम्हांला पटणार नाही," क्लॅरी नॅनकर्व्हिसने बिअरचा ग्लास काउंटरवर टेकवला. "आणि पटावं अशी माझी इच्छाही नाही. गोष्ट सगळ्यांना पटली की समजावं, त्यात काही दम नव्हता."

"मग सांगूच नकोस," नोलीन म्हणाली. 'लास्ट शिफ्ट' पब तिचा. क्लॅरीच्या गोष्टी ती गेली एकोणीस वर्षं ऐकत होती, त्यामुळे तिला अर्ध्या गोष्टीतच कंटाळा यायचा, आणि उरलेली अर्धी ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही.

बुधवारचे चार वाजले होते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणगावच्या रस्त्यावर या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही. आत पूलच्या टेबलाभोवती पबच्या संघातली चार माणसं मतदानाला जमली होती. पाचवा, म्हणजे कप्तान ट्रॉय, टायर आणायला अ‍ॅडलेडला गेला होता आणि पाचशे किलोमीटरवरून फोन करून त्याने आपलं मत कळवलं होतं.

"उंटावरून शेळ्या हाकतोय," क्लॅरी म्हणाला.

भानगड खडूची होती. क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, चामड्याचं टोक चेंडूवरून निसटू नये म्हणून त्याला जो निळा खडू चोळतात, तो पबमध्ये फुकट असतो. टेबलाच्या कडेवर पडलेला असतो, ज्याला लागेल त्याने उचलावा, लावावा आणि परत ठेवावा. ट्रॉयने परदेशातून एक नवा खडू मागवला होता. सत्तर डॉलरला एक. चुंबकाच्या डबीतून तो कमरेच्या पट्ट्याला चिकटायचा. शनिवारी अंतिम सामना होता, स्टेशनसमोरच्या पबाशी, आणि ट्रॉयचा नियम असा, की संघातल्या प्रत्येकाने हाच खडू विकत घ्यायचा, आपल्या कमरेला ठेवायचा आणि दुसऱ्याचा वापरायचा नाही. ज्याच्याकडे तो नसेल त्याने शनिवारी बाहेर बसायचं.

क्लॅरीकडे तो नव्हता. बेव्हनने आपल्या पैशाने घेऊन देतो म्हटलं, तेव्हा क्लॅरीने चारचौघांत सांगून टाकलं होतं, की फुकट दिलास तरी हात लावणार नाही. चाळीस वर्षं खाणीच्या पोटात काढलेला माणूस. सव्वीस हंगाम या पबासाठी खेळला होता आणि अंतिम सामना पहिल्यांदाच आला होता. पण आता शब्द गेला होता तोंडातून.

"क्लॅरी, डोकं थंड ठेवून ऐक," बेव्हन म्हणाला. बेव्हन ट्रक चालवायचा आणि वाटेत फोनवर लोकांची भाषणं ऐकून शहाणा झालेला होता. "हा खडू एकदा लावला की आठ-दहा फटके बघावं लागत नाही. धूळ उडत नाही. चेंडूला डाग पडत नाही."

"आठ-दहा फटके लावायचाच नाही?"

"नाही."

"मग विचार कधी करायचा?"

"म्हणजे?"

"खडू कशाला लावतात, लेका? टोकाला लागतो ते वेगळं. तेवढ्या वेळात माणूस टेबलाकडे बघतो. प्रत्येक फटक्याआधी देवाने दिलेलं अर्धं मिनिट आहे ते. ट्रॉयने सत्तर डॉलर मोजून स्वतःचा विचार करायचा वेळ विकला, आणि वर तुला वाटतं की फायदा झाला."

बेव्हन म्हणाला, "गेल्या गुरुवारी तुझा क्यू दोनदा निसटला."

"निसटला. मी चुकीचा मारला म्हणून निसटला. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणणारा मी नव्हे. माझी चूक माझी आहे, ती मी खडूच्या नावावर घालत नाही."

"पण नियम म्हणजे नियम, म्हाताऱ्या. ट्रॉय हो म्हणतो, मी हो म्हणतो. दोन झाली."

"माझं नाही," क्लॅरी म्हणाला. "एक."

उरले झ्लाट्को आणि डल्सी. झ्लाट्कोचा बापही खाणीतलाच. झ्लाट्को कमी बोलायचा, आणि बोलायची वेळ आली की सिगरेट ओढायला बाहेर जायचा. आताही तो दाराकडे बघत होता. डल्सी पेथिक भिंतीला टेकून उंच स्टुलावर बसली होती. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढलेली. संघातली सगळ्यांत चांगली खेळाडू ती, आणि तिच्या पर्समध्ये तो सत्तर डॉलरचा खडू आहे हे सगळ्यांना माहीत होतं. लावलेला मात्र कोणी पाहिला नव्हता.

क्लॅरीने झ्लाट्को आणि दार यांच्यामध्ये जागा धरली.

"तर सोमवारी दुपारी," तो म्हणाला, "ट्रॉय इथे आला होता. एकटा."

"मला कसा दिसला नाही?" नोलीनने विचारलं.

"तू मागे बिअरची पिंपं बदलत होतीस."

"पिंपं मंगळवारी येतात."

"मग काय करत होतीस ते तुझं तुला ठाऊक, मी बायकांच्या भानगडीत पडत नाही. ट्रॉय म्हणाला, क्लॅरी, एक डाव. तू पबचा खडू घे, मी माझा घेतो. तू जिंकलास तर नियम मी स्वतः मागे घेतो. म्हटलं, लाव चेंडू."

"आणि हे त्याने फोनवर आम्हांला सांगितलं नाही," बेव्हन म्हणाला.

"तू सांगितलं असतंस? ऐक. त्याने चेंडू फोडले आणि लागोपाठ सात भोकांत घातले. गरज नसताना दर वेळी कमरेची डबी काढायची, दोनदा हळूच फिरवायचं, परत कमरेला. जणू सोनाराकडचा दागिना. माझी पाळी आली. मी टेबलावरचा खडू उचलला, तर तो झिजून झिजून आरपार गेलेला. भोकातून मला समोरचा डार्टचा फळा दिसत होता, आकड्यांसकट. एकदा फिरवला आणि पीठ झालं."

"नवी पेटी ड्रॉवरमध्ये होती," नोलीन म्हणाली.

"ड्रॉवरला कुलूप होतं. ट्रॉय हसला. म्हणाला, माझा घे. म्हटलं, तुझ्या कमरेचा नको. मी क्यू उचलला आणि त्या भिंतीवर घासला. तो पोपडा दिसतोय ना, तिथे. माझ्या आजोबांच्या वेळचा चुना तो. तीन चेंडू घातले. चौथ्याला चुना संपून वीट लागली. मग खिसा चाचपला, तर जळजळीची गोळी सापडली. पुदिन्याची. तीही खडूच असते, डॉक्टरला विचारा. ती लावली आणि आणखी चार घातले, एक तर तीन कडांना लागून. आणि उरलेली गोळी खाऊन टाकली. ट्रॉयचा खडू खाऊन दाखव म्हणावं."

झ्लाट्को पहिल्यांदा हसला. दाराकडे बघायचं त्याने सोडलं होतं.

"आता ट्रॉयला घाम फुटला," क्लॅरीने आवाज खाली आणला. "शेवटी घालायचा काळा चेंडू तेवढा राहिला होता. त्याने डबीतून खडू काढला, लावला, आणि टेबलाकडे बघता बघता हात आपसूक गेला आणि खडू कडेवर ठेवला. त्याला कळलंही नाही. पोरगा याच टेबलावर शिकलाय. हाताची सवय पैशापेक्षा जुनी असते. तर मला सांगा, कडेवर ठेवलेला खडू कोणाचा?"

"टेबलाचा," झ्लाट्को म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. माझा बाप म्हणायचा." झ्लाट्कोने बूट जमिनीवर घासला. "खाली खाणीत पाण्याची पिशवी एकाची असायची, पण खिळ्याला टांगली की सगळ्यांची. जो पिशवी काखेत धरून पाणी प्यायचा, त्याच्या शेजारी कोणी डबा उघडत नसे."

झ्लाट्को एवढं सलग बोलल्याला सात-आठ वर्षं तरी झाली असतील. क्लॅरीलाही हे अपेक्षित नव्हतं, पण मिळालेला चेंडू सोडणारा तो नव्हता.

"बरोबर. त्याचा खडू त्या घटकेला माझाही होता. हक्काचा. आणि मी त्याला हात लावला नाही. सत्तर डॉलरचा खडू वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. चांगलाच असेल. पण जो खडू खिशात जातो तो खडू नव्हे, ती तपकीर. ज्याची त्याने ओढावी आणि ज्याचं त्याने शिंकावं."

"काळ्याचं काय झालं?" झ्लाट्कोने विचारलं.

"ट्रॉयचा हुकला. मी मारला, तो गेला, गेला, आणि भोकाच्या ओठावर थांबला. केसभर अंतर. पण पुदिन्याचा वास सुटला होता ना. माशा आल्या. आपल्या माशा म्हणजे काय, तुम्हांला ठाऊक आहे. सात-आठ जणी काळ्याच्या भोकाकडच्या अंगाला बसल्या, आणि वजनाने तो आत गेला."

बेव्हनने कपाळावर हात मारला. "माशांनी सामना जिंकला?"

"माशा या पबच्याच होत्या. घरचं मैदान."

"माझं मत नाही," झ्लाट्को म्हणाला. "म्हणजे नियमाला नाही. खडू कडेवरच राहील." आणि तो सिगरेट न ओढताच परत बसला.

दोनला दोन. नोलीनने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि डल्सीकडे पाहिलं. क्लॅरीनेही पाहिलं. गोष्ट सांगताना त्याचा आवाज एकदाही हलला नव्हता, पण आता त्याने ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे ओठाला लावल्यावर त्याच्या लक्षात आलं. सव्वीस हंगाम, आणि शनिवार तीन दिवसांवर. हरलो तरी तो खडू घेणार नाही, हे त्याचं ठरलेलंच होतं. बाहेर बसून बघायचं कसं, तेवढं ठरलेलं नव्हतं.

"डल्सी, तू घेतलास तो," बेव्हन म्हणाला. "तुला तरी कळतं."

"घेतला," डल्सी म्हणाली. "लावूनही पाहिला, घरी. चांगला आहे. तुझ्या त्या भाषणांत म्हणतात तेवढा नाही, पण चांगला आहे."

"मग?"

"मग काय. एकटीनेच लावायचा म्हटलं की मला चोरून खाल्ल्यासारखं वाटतं."

ती स्टुलावरून उतरली. पर्स उघडली, चुंबकाची डबी काढली, डबीतून खडू काढला आणि डबी परत आत टाकली. खडू तिने टेबलाच्या कडेवर ठेवला, नोलीनच्या निळ्या खडूशेजारी, लावायची बाजू वर करून.

"हा आता टेबलाचा. शनिवारी ज्याला लावायचा त्याने लावावा, ज्याला नको त्याने भिंत घासावी. नियमाला माझं नाही. नोलीन, लिही. तीन विरुद्ध दोन, क्लॅरी खेळणार."

बेव्हनने दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांसाठी बिअर सांगितली, कारण हरलेल्याने पाजायची असते. क्लॅरीने घसा साफ केला.

"मी म्हटलंच होतं," तो म्हणाला. "खरं सांगितलं की माणसाला पटतंच. ट्रॉयला फोन लावा, त्यालाच विचारा सोमवारचं."

"त्याला कशाला त्रास," डल्सी म्हणाली. "सोमवारी सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत तू माझ्या गाडीत होतास, क्लॅरी. मिल्ड्युराला तुझे नवे दात आणायला गेलो होतो आपण."