लाल पडलेलं पिंप

पिंपाचं झाकण निघालं आणि कुसुमबाईंनी नाकाला पदर लावला. खारवलेल्या बांगड्यांवर गुलाबी, बुळबुळीत थर चढला होता. माल न्यायला आलेले टेम्पोवाले दोघे, कुसुमबाईंचा मुलगा जतीन आणि त्याचा चुलता, असे चार पुरुष चिखले गावातल्या त्या अंगणात उभे होते.

"रखमे, खरं सांग. त्या चार दिवसांत हात घातलास ना पिंपात?" कुसुमबाईंनी विचारलं.

रखमी तेवीस वर्षं कैनाडहून या घरी मासळी खारवायला येत होती. मिठाचा थर, बांगड्यांचा थर, वर दगड. तिच्या हातचं पिंप कधी वाया गेलं नव्हतं. तिने ओले हात पुसले.

"तुम्हाला वाटतं ना बाय, मग तसं," एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

दारात बाळाला खांद्यावर थोपटत सून, सोनल, उभी होती. बोईसरच्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती. मिठागरातल्या खडे मिठात कसले जीव झोपून असतात ते तिला पाठ होतं. साध्या पाण्यात ते फुटून मरतात, खारात मात्र फोफावतात. उन्हाने जळू नये म्हणून अंगात लाल रंग धरतात, गाजरातल्या रंगाच्याच जातीचा. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

पण आठवड्यापूर्वी, पाळीच्या दुसऱ्या दिवशी, तिनेच झाकण काढून दोन ओंजळी मीठ आत टाकलं होतं. बाळाला तेव्हापासून जुलाब होत होते. तोंड उघडलं असतं तर 'तुला काय ठाऊक' इथून सुरू होऊन गोष्ट तिच्या हातावर आली असती, आणि तिथून बाळाच्या दुखण्यावर. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिचा स्वतःवरही विश्वास नव्हता. परीक्षेत लिहिलेलं सगळं एकीकडे आणि खांद्यावर सुकलेलं लेकरू एकीकडे.

दुसऱ्या दिवशी तिने दोन बाटल्या उकळून घेतल्या. एकीत त्याच मीठवाल्याच्या नव्या गोणीतलं मीठ, दुसरीत तेच मीठ तव्यावर खूप वेळ भाजून. दोन्हींत उकळलेलं पाणी आणि मासळीचा तुकडा, सगळं हात न लावता, चिमट्याने. बाटल्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. बाळ आठवड्यात बरं झालं, तरी ती रोज शिडी चढत राहिली. चोविसाव्या दिवशी पहिली बाटली गुलाबी दिसली. महिना भरला तेव्हा लाल झाली. दुसरी तशीच राहिली.

सासूला तिने सगळं समजावलं. कुसुमबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, मीठवाला बदलू, आणि रखमीला निरोप धाड, म्हणावं ये. माफीचा शब्द त्यात नव्हता. म्हणून सोनल स्वतः निघाली.

रखमी कैनाडच्या एका वाडीत चिकू निवडायला लागली होती. मोठे एका टोपलीत, बारके दुसरीत. सोनल तिच्यासमोर उकिडवी बसली. बाटली दाखवली, मिठातल्या जिवांचं सांगितलं, आणि मग खाली मान घालून आपण झाकण काढल्याचंही. रखमीचे हात थांबले नाहीत.

"मला ठाव होतं, माझ्या हातानं झालं नाय ते," ती म्हणाली. "माझी पिशवी काढून आठ वरसं झाली. डहाणूला आपरेशन झालं होतं. मला कसले चार दिवस?"

सोनलने बाटली खाली ठेवली. "मग मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चार बापे उभे होते गो. त्यांच्यासमोर माझ्या पोटातलं काढू?"

मग तिने बाळाची चौकशी केली. बरं आहे कळल्यावर मान हलवली. घरी परत येण्याबद्दल सोनलने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा रखमीने चिकू उचलून डोळ्यांजवळ धरला आणि टोपलीत ठेवला.

आपणही चार चिकू निवडावेत म्हणून सोनलने हात पुढे केला. रखमीने टोपली उचलली आणि सोनलचा हात पोचणार नाही अशी आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवली. रागाने नाही. हळूच, जसं एखाद्याला बसायला जागा करून द्यावी तसं.