आरशाला लावलेली पट्टी

मी एक जुनी चिकटपट्टी आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव काही चांगला नाही. तुम्ही खरचटल्यावर लावता ती पट्टी मी नव्हे. सोनोग्राफीचं काडेपेटीएवढं यंत्र माणसाच्या छातीवर दिवसरात्र धरून ठेवायचं, हे माझं काम. यंत्र आवाज सोडतं. तो तुम्हाला ऐकू येत नाही, पण माझ्या ओलसर थरातून तो आत जातो, हृदयावर आपटून परत येतो आणि दूर बसलेल्या डॉक्टरांच्या पडद्यावर हृदयाचं चित्र दिसतं. मध्ये तेल, धूळ किंवा हवा आली की चित्र गेलंच. म्हणून माझा जन्म अशा खोलीत झाला, जिथे माणसंही डोक्यापासून पायापर्यंत झाकून येतात. चकचकीत पाकिटात मी काय तोऱ्यात होते म्हणून सांगू!

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर हर्षा यांनी मला आशाबाईंच्या छातीवर लावलं. आशाबाई तेल्हाऱ्याच्या, घरी कपाशीची शेती. त्यांचं हृदय थकलं होतं आणि फुफ्फुसात पाणी भरायची भीती होती. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, नितेशला, बजावलं, "ही काढायची नाही. सुटलीच, तर त्वचा पुसून कोरडी करा आणि नवी लावा." जादा पाकिटंही दिली. मग माझ्या कडांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "छान बसली." माझ्या वाट्याला कौतुक आलं ते एवढंच.

दुसऱ्या सकाळी तेल्हाऱ्याच्या घरी आशाबाई आंघोळीला निघाल्या. कपाळावरची टिकली काढून त्यांनी आरशाला लावली, आणि मग मलाही यंत्रासकट सोलून तिच्याशेजारी चिकटवलं! सून आकांक्षा धावत आली. "आई, काहून काढलं ते?"

"टिकली नाई का आपण आरशाले लावून ठेवत? तसंच हे. पाण्यानं कायले खराब कराव त्याले?"

नितेश दारातच उभा होता. तो हसला आणि निघून गेला. आरशावरची पावडर, कुंकू, कापसाचे तंतू, सगळं माझ्या तोंडाला लागलं. मग अंगाला तेल चोळून आशाबाईंनी मला पुन्हा छातीवर दाबलं. डॉक्टरांचा पडदा काळा झाला आणि त्यांचा फोन आला.

नितेश बेधडक बोलला, "म्याडम, आईनं हातबी नाई लावला. तुमचं स्टिकरच भंगार हाय."

भंगार! त्याच क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

"मग लगेच नवी लावा," डॉक्टर म्हणाल्या. तो "लावतो" म्हणाला. पण आशाबाईंनी त्याला अडवलं. "नवीन कायले फोडतं? हे चांगलं हाय ना अजून." तेव्हा त्याने खोकी बंद करायची खाकी टेप आणून माझ्यावरून ताणून बसवली. मी मुद्दाम सुटले, असं म्हणणार नाही. तेलावर मला टिकताच येत नाही. पण टिकता आलं असतं, तरी मी टिकले नसते.

दुपारी आशाबाईंना धाप लागली. बोलणं अर्धवट सुटू लागलं. आकांक्षाने कुणालाच विचारलं नाही. टेप काढली, मला काढलं, ओल्या फडक्याने त्वचा पुसली, कोरडी केली, यंत्राला नवी पट्टी लावून ते बसवलं. चित्र दिसताच डॉक्टरांचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता निघा."

मी खाटेवरच पडले होते. आईला उचलायला नितेश वाकला आणि मी त्याची बाही धरली. अंगात उरला होता तेवढा सगळा चिकटपणा मी तिथे लावला. अकोल्यापर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर हर्षांनी मला त्याच्या बाहीवरून सोडवलं आणि उजेडात धरलं. तेल, तंतू, लाल कुंकू. "हातही लावला नव्हता ना?"

नितेशची मान खाली गेली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सगळ्यांनी ऐकावं, अशी माझी इच्छा होती.

तेवढ्यात आशाबाईंनी नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "मीच काढलं व बाई... त्याले... त्याले नोको बोलू..."

एकेका शब्दासरशी त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पडद्यावर त्यांचं हृदय धडपडताना दिसत होतं. नितेशने दोन्ही हातांनी मास्क परत बसवला. "नाई म्याडम. म्या पाह्यलं होतं. म्याच खोटं सांगतलं." खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

आशाबाई वाचल्या. मी आता दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात पडले आहे. मित्रांनो, आम्हाला धुऊन, पुसून, वर टेप मारून चालवू नका. आमचं काम संपलं की नवी लावा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. मला भंगार म्हटलेलं मी एक वेळ विसरेन. पण नितेश खोटं बोलला आणि ते झाकायला त्याच्या आईने आपले श्वास खर्च केले. ते मी त्याला माफ केलेलं नाही.